विरजण नसलेलं घडण

भाऊबीजेच्या दुपारी धुळ्याचं सगळं देवपूर जेवून आडवं झालं होतं आणि भूपेंद्र खोलीत एकटा, पेन ड्राइव्हच्या तोंडात गेलेलं कुंकू दातकोरणीने काढत बसला होता.

फैजपूरच्या सुरेशचंद शेठच्या वजनकाट्यावर केळीच्या गाड्या तोलल्या जातात. तो काटा चालवणारं सॉफ्टवेअर बारा वर्षांपूर्वी भूपेंद्रने आणि त्याच्या मित्राने, जितेंद्रने, धुळ्यात बसून लिहिलेलं. शेठच्या घरच्यांनी धनतेरसच्या साफसफाईत काट्यावरचा जुना कॉम्प्युटर भंगारात दिला. पेन ड्राइव्हवर मूळ कोड होता, तो ड्राइव्ह मात्र लक्ष्मीपूजनाला वह्यांशेजारी मांडला आणि शेठाणी सज्जनबाईंनी त्यावर मन लावून हळदकुंकू वाहिलं.

"आमची लक्ष्मीच ती, भूपेंद्रभाऊ," शेठ फोनवर म्हणाले. "पण लाभपंचमीला मुहूर्ताची गाडी काट्यावर चढली पाहिजे. नाही तर आमचा मुलगा संयम पुण्याच्या कंपनीचं तयार सॉफ्टवेअर बसवतो म्हणतोय. बोलणीपण करून बसलाय."

म्हणजे हातात तीन दिवस. नाही तर बारा वर्षं भंगारात.

कोड नीट उघडला. पण नुसत्या कोडने काटा हलत नाही. त्यातून चालणारा प्रोग्राम बांधावा लागतो. ते बांधायचं अवजार दोघांनी स्वतःच लिहिलं होतं, नाव ठेवलं होतं 'घडण'. आणि पोरवयातली मस्ती अशी, की घडण बांधायलाही घडणच लागायचं. दही लावायला आधी चमचाभर दही हवं, तसं. तो चमचा भंगारातल्या डबड्यात गेला. दुसरीकडे एक प्रत ठेवावी हे बारा वर्षांत भूपेंद्रला सुचलं नव्हतं. शेठला शिव्या देणं सोपं. माती खरी त्याने खाल्ली होती.

शेवटी नाक मुठीत धरून त्याने जितेंद्रला फोन लावला. तो पुण्याला गेल्यापासून पहिल्यांदाच, तीन वर्षांनी.

"जित्या, तुनाजोडे जुनं घडण शे का?"

"कसलं घडण?" पलीकडून पुण्याची स्वच्छ मराठी आली. "अच्छा, ते होय. अजून चालतंय? कमाल आहेस यार तू. तो लॅपटॉप मी कधीच विकला."

"मंग कोरं उभं करनं पडी."

"कशाला जीव काढतोस? इकडे ये. इथे असली कामं कोणी हाताने करत नाही."

"तठे तू शेच ना," भूपेंद्र म्हणाला आणि फोन ठेवला.

मग हातानेच. आधी तपासणी: नव्या मशीनवरची अवजारं घडणला चालतात का. तपासणीची फाइल जितेंद्रने लिहिलेली, त्यामुळे ती अहिराणीत बोलायची, 'आहे'ला 'शे' म्हणायची. पडद्यावर ओळी उमटल्या. लिंकर: शे. काट्याची केबल: शे. कंपायलर: नही, जुना शे.

कोडचा प्रोग्राम करणारा कंपायलर जुना कसा? गेल्याच वर्षी आलेली तेरावी आवृत्ती. भूपेंद्रने फाइल उघडली. जितेंद्रने आवृत्तीचा फक्त पहिला अंक वाचला होता. तेराचा एक. आणि तेव्हा चालू होती चौथी, म्हणून चारच्या खाली सगळं जुनं. त्या ओळीच्या डोक्यावर त्यानेच लिहून ठेवलेलं: 'दहालोंग हाई कोन वापरी?' म्हणजे दहावी आवृत्ती येईपर्यंत हे वापरणार कोण.

ती ओळ भूपेंद्रने पुन्हा वाचली. 'आपन दोन्ही जन्मभर हाईच करसूत' असं चहाच्या टपरीवर सांगणारा माणूस त्याच आठवड्यात हे लिहीत होता. पुण्याला तो तीन वर्षांपूर्वी नाही गेला. तो पहिल्या दिवसापासून निघालेलाच होता.

भूपेंद्रने तपासणीची ओळ दुरुस्त केली. मग घडणच्या एक्केचाळीस फाइली एकेक करून हाताने बांधल्या, चुकल्या की पुन्हा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक लंगडं घडण उभं राहिलं. त्या लंगड्याने दुसरं बांधलं, दुसऱ्याने तिसरं. दुसरं आणि तिसरं अक्षरन् अक्षर सारखं निघालं, तर घडण भरवशाचं. ताडून पाहिलं. फरक शून्य.

भूपेंद्र उठला, दार उघडून ओट्यावर उभा राहिला. समोर एक बाई रांगोळी झाडत होती. फरक शून्य आला, हे तिला काय सांगणार? तो आत येऊन काट्याचं सॉफ्टवेअर बांधायला बसला.

लाभपंचमीला नारळ फुटला, केळीची गाडी काट्यावर चढली, पडद्यावर वजन आलं. शेठनी हात जोडले. संयमने आकडा पाहिला, मान डोलावली आणि सरळ विचारलं, "काका, मानलं. पण उद्या तुम्हाला काही झालं, तर हे कोण उभं करणार?"

"अरे, सणाच्या दिवशी काय बोलतो," शेठ ओरडले.

"बरोबर बोलतोय तो," भूपेंद्र म्हणाला. "कोणी नाही."

शेठनी पेढ्याचा पुडा भूपेंद्रच्या हातात ठेवला. "पुढच्या पंचमीपर्यंत चालू राहू द्या," ते म्हणाले. "मग पाहू."

पेढ्याचा पुडा घेऊन भूपेंद्र जळगावमार्गे धुळ्याच्या गाडीत बसला. खिडकीबाहेर केळीच्या बागा सरकत होत्या. शेजारची जागा धुळ्यापर्यंत रिकामीच राहिली.