पाचवं नाव

मी व्हर्ना. विनिपेगच्या एका मोठ्या इस्पितळात, मेडिसिन विभागाच्या ऑफिसात एकोणीस वर्षं टायपिंग करतेय. डॉक्टर येतात, शिकतात, मोठे होतात आणि जाताना मला चॉकलेटचा डबा देतात. चॉकलेट आता डोळ्यांसमोर नको झालंय.

गेल्या वर्षी ओरेस्ट ह्नाट्युक नावाचे एक निवृत्त बस ड्रायव्हर आमच्याकडे भरती झाले. रक्तदाब भलताच चढलेला, रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलेलं, पायांत उभं राहण्याइतकंही बळ नाही. अकरा दिवस सगळ्यांनी डोकी खाजवली. लघवी तपासली, स्कॅन काढले. आमचे प्रमुख डॉ. किलगोर रोज सकाळी शिकाऊ डॉक्टरांची वरात घेऊन यायचे आणि पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून फार विद्वत्तापूर्ण बोलायचे. आपापसात.

बाराव्या दिवशी जेवणाचा ट्रे उचलायला लूझ आली. तिने तसंच पडलेलं जेवण पाहिलं, म्हाताऱ्याची काळी जीभ पाहिली आणि विचारलं, "आजोबा, दिवसभर चघळता तरी काय हो?"

उशीखालून पुडकं निघालं. सिगरेट सोडल्यापासून म्हातारा रोज दोन पुडकी ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या फस्त करत होता. ज्येष्ठमधाने पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो, असं लूझने ट्रेवरच्या चिठ्ठीमागे लिहून आमच्या शिकाऊ डॉक्टरच्या, टोबायसच्या हातात दिलं. गोळ्या बंद झाल्या आणि पंधरा दिवसांत म्हातारा स्वतःच्या पायांनी घरी गेला.

ट्रेवालीला हे कसं ठाऊक? अहो, ती फिलिपिन्समध्ये अकरा वर्षं डॉक्टर होती, मेडिसिनचीच! इथल्या परीक्षा सगळ्या पास. पण इथे डॉक्टरकी करायची तर आधी शिकाऊ म्हणून आमच्याकडे जागा मिळायला हवी, आणि बाहेर शिकलेल्यांसाठी जागा वर्षाला एक. तिचा अर्ज तीनदा परत गेला होता. कारण दरवेळी तेच, इथल्या संशोधनात सहभाग नाही. चौथा अर्ज शेवटचा, कारण त्यानंतर तिच्या परीक्षांच्या निकालांची मुदत संपत होती.

हा टोबायस फ्रीसन. पोरगा गुणी, पण साहेबांसमोर त्याची बोबडी वळते. त्याने या केसवर लेख लिहिला. पहिलं नाव त्याचं, शेवटचं किलगोरसाहेबांचं, आणि मधली दोन का आहेत ते त्यालाही धड सांगता येईना. विषय काय, तर 'रुग्णापाशी बसून केलेली विचारपूस: एक हरवत चाललेली कला'. वा रे वा!

छापायला पेशंटची सही लागते. म्हातारा माझ्या ऑफिसात आला, चष्मा लावून एकेक ओळ वाचू लागला.

"'डॉक्टरांनी रुग्णापाशी बसून सविस्तर विचारपूस केली.' कोण बसलं रे पोरा? माझ्या खोलीत खुर्चीच नव्हती!"

टोबायस कानापर्यंत लाल. "काका, ते... लिहायची एक पद्धत असते."

"मग सही न करायचीही पद्धत असते. त्या बाईचं नाव घाल, तरच सही."

साहेब माझ्यावरच उखडले. "ही काय लग्नपत्रिका आहे, येईल त्याचं नाव छापायला?"

"मग मधल्या दोघांनी काय दिवे लावलेत हो साहेब?"

"व्हर्ना, तोंड आवर."

पण विभागाच्या वर्षाच्या हिशेबात नेमका एक लेख कमी पडत होता, म्हणून लूझचं पाचवं नाव छापलं गेलं. लूझ माझ्या टेबलाशी उभी राहून रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

लेखाला वैद्यकीय शिक्षणाचं बक्षीस मिळालं. टोबायसला हृदयरोगाच्या पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली. मग लूझच्या चौथ्या अर्जाची मुलाखत आली. मी कोपऱ्यात टिपणं घ्यायला बसले होते.

"या लेखात तुमचा वाटा काय?" साहेबांनी विचारलं. जसं काही ठाऊकच नव्हतं!

"मी पेशंटला विचारलं."

"आणि?"

"आणि त्यांनी सांगितलं."

"म्हणजे नुसतं विचारलंत. लेखन? विश्लेषण?"

मी मोठ्याने खाकरले. अगं बाई, हो म्हण ना! त्या मधल्या दोघांनी काय केलं होतं? पण ती "नाही" म्हणाली.

जागा नऊ लेखवाल्या एका मुलाला गेली. साहेबांनी लूझला पाठवायचं पत्र मला तोंडी सांगितलं: "संशोधनातला आपला सहभाग उल्लेखनीय आहे. मात्र इथल्या रुग्णांशी प्रत्यक्ष बोलण्याचा आपल्याला अनुभव नाही."

माझे हात थांबले. "साहेब, ती रोज साठ पेशंटशी बोलते."

"ट्रे देताना बोललेलं धरत नाहीत, व्हर्ना."

मी टाइप केलं. एकही चूक न करता केलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. पोस्टाने पाठवायचं धाडस होईना, म्हणून पत्र स्वतः घेऊन वॉर्डात गेले.

लूझने उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि ॲप्रनच्या खिशात ठेवलं. मग म्हणाली, "चौदा नंबरच्या बाई तीन दिवस घासही घेत नाहीयेत. दिवा लावला की उजेड सोसत नाही, डोळे झाकतात. डॉक्टरांना कुणी सांगितलंय?"

"नसेल. तू सांग ना."

"मी?" ती म्हणाली. "मला रुग्णांशी बोलण्याचा अनुभव नाही."

असं म्हणाली आणि ट्रॉली ढकलत चौदा नंबरकडेच गेली.