पहिल्या मानाची पिशवी

रक्त ही देवाने माणसाकडे ठेवलेली ठेव आहे आणि ती शेजाऱ्यासाठी मोडण्याहून मोठं पुण्य नाही, यावर सालेफाता गावात कधीही दुमत नव्हतं. वाद एवढाच होता, की पहिल्यांदा कोणी मोडायची.

हा विषय निघाला लेइतूमुळे. लेइतू गावच्या शाळेत तिसरीला शिकवते. गेल्या वर्षापासून तिच्या हाडांनी रक्त तयार करणं जवळजवळ सोडून दिलं आहे. महिन्याला दोन पिशव्या बाहेरून चढवाव्या लागतात. त्या चुकल्या की तिला फळ्यापाशी उभं राहवत नाही, आणि फार दिवस चुकल्या तर तिला जमिनीत ठेवावं लागेल, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले होते. तिचा गट ओ. गावातल्या बहुतेकांचा ओ. म्हणजे प्रश्न सुटल्यातच जमा होता, पण मध्ये आमचं रक्तमित्र मंडळ होतं.

मंडळाचा अध्यक्ष तुइलोमा हा लेइतूचा सख्खा मामा. तो गावचा वक्ता आहे. हातात वक्त्याची काठी, खांद्यावर त्याच मानाचा काथ्याचा झुपका, आणि तोंड उघडलं की मिटायला दुपार होते. बहिणीच्या लेकरासाठी मामाने जीवही द्यावा अशी आमच्या सामोआची रीत आहे. तुइलोमा ही रीत प्रत्येक भाषणात सांगतो.

मंडळाच्या सभेला जिल्ह्याच्या रुग्णालयातली नर्स फेतुआओ आली. तिचं म्हणणं साधं होतं. रक्त फ्रिजमध्ये पाच-सहा आठवडेच टिकतं, आणि एकदा दिलं की माणसाला तीन महिने पुन्हा देता येत नाही. तेव्हा घराघरांनी महिने वाटून घ्यावेत, म्हणजे बारा महिने ताजं रक्त मिळेल.

"ऑक्टोबरपासून सुरुवात करू," ती म्हणाली. "ऑक्टोबर कोणाचा?"

"आमचा," म्हातारा सरदार सालेवाओ म्हणाला. "सभेत आवा हे मानाचं पेय फिरतं, तेव्हा पहिली करवंटी आमच्या घराला येते. पहिला महिनाही आमचाच."

"येते ना," शेजारचा पेनीटोआ म्हणाला. "पण मग आम्ही नोव्हेंबरात? उद्या लोक म्हणतील, यांचं रक्त महिनाभर मागे."

"अहो, कोणी काही म्हणणार नाही!" फेतुआओ म्हणाली. "रक्ताला कुठला आलाय मान?"

"बाई, तुम्ही कुठल्या?"

"पलीकडच्या किनाऱ्यावरची."

"मग बरोबर. तिकडे आवा कोणीही आधी पितं."

शेवटचा महिना घ्यायला तर एकही घर तयार होईना. शेवटी तुइलोमा काठीवर रेलून उभा राहिला. त्याने आधी पूर्वजांना वंदन केलं, मग हजर असलेल्या सरदारांना, मग गैरहजर सरदारांना, आणि मग तोडगा सांगितला. कोणी पुढे नको, कोणी मागे नको. ऑक्टोबरचा दुसरा रविवार म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवार; त्याच्या आधीच्या शुक्रवारी सगळ्या गावाने एकदम रक्त द्यायचं, आणि रविवारी चर्चमध्ये घरागणिक पिशव्या मोठ्याने वाचायच्या.

"काका, एकदम दिलं तर एकदमच संपेल," फेतुआओ म्हणाली.

"संपेल कसं? सगळं गाव देणार आहे!"

यावर टाळ्या पडल्या.

त्या शुक्रवारी सालेफातात जे झालं त्याला युद्ध म्हणायचं फक्त बाकी होतं. पेनीटोआने आपली संख्या वाढावी म्हणून राजधानी अपियाहून बोटीने चुलतभाऊ आणवले. सालेवाओच्या नातवाला भोवळ आली, तर घरच्यांनी आधी पिशवी भरली का ते पाहिलं आणि मग त्याला उचललं. पुढच्या गावाला आमचा बेत कळला होता. मागे नको पडायला म्हणून त्यांनी आदल्याच दिवशी उरकून घेतलं. रुग्णालयाच्या फ्रिजचं दार लागेना. रविवारी पाळकसाहेब आपिसालोमे यांनी एकेका घराच्या पिशव्या वाचल्या आणि पेनीटोआचा आकडा आला तेव्हा सालेवाओच्या बाकावर कोणीच "आमेन" म्हटलं नाही.

त्या रक्तातून लेइतूची दोन महिन्यांची सोय झाली. काही पिशव्या इतरांना गेल्या. उरलेल्यांची मुदत नोव्हेंबरात संपली आणि रुग्णालयाने त्या नियमाप्रमाणे जाळल्या.

डिसेंबरात लेइतू नाताळच्या गाण्यांची तालीम घेताना चर्चच्या पायरीवर बसली ती उठेना. ओठ पांढरे पडले होते. बायकांनी तिला चटईवर निजवलं. फेतुआओ गाडी घेऊन धावत आली. फ्रिज रिकामा होता, पुढच्या गावाचेही तीन महिने भरले नव्हते, आणि राजधानीतून निरोप आला होता की नाताळात त्यांनाच पुरत नाही. तालमीला सगळं गाव होतं.

"ऑक्टोबरात ज्यांनी दिलं नाही त्यांनी हात वर करा," फेतुआओ म्हणाली.

एकही हात वर गेला नाही.

"मामा," लेइतू चटईवरून म्हणाली, "त्या दिवशीचं तुमचं भाषण मला आठवतंय. पिशवी नाही आठवत."

"अगं, मी पाहुण्यांचं स्वागत करत होतो!"

"नर्सबाई सामान आवरून निघाल्या, तेव्हाही तुम्ही स्वागतच करत होता."

"दुसरं कोण?" फेतुआओने विचारलं. सगळ्यांच्या माना हळूहळू पाळकसाहेबांकडे वळल्या. पाळकाला गाव देतं, पाळक गावाला आशीर्वाद देतो. रक्ताचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मी त्या वेळी प्रार्थनेत होतो," पाळकसाहेब म्हणाले.

"हो, परसातल्या स्वयंपाकघराचं दार लावून," पाळकीणबाई म्हणाल्या.

दोघांना गाडीत बसवण्यात आलं. सुई पाहताच तुइलोमा पूर्वजांना वंदन करू लागला. "काका, मूठ मिटा आणि तोंडही," फेतुआओ म्हणाली. पाळकसाहेबांनी सुई टोचण्याआधीच डोळे फिरवले. त्यांची पिशवी ते शुद्धीवर आल्यावर भरली. दोघांचाही गट ओ निघाला. तीन दिवसांनी लेइतू वर्गात उभी होती.

रविवारी पाळकसाहेबांनी दोन्ही नावं वाचली, आधी स्वतःचं. चर्चबाहेर तुइलोमाने त्यांना अडवलं, "पण साहेब, आधी कोणाची पिशवी भरली?" तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

मंडळाची सभा झाली. मोहीम पूर्ण यशस्वी झाल्याचा ठराव एकमताने संमत झाला. पुढच्या ऑक्टोबरात त्याच शुक्रवारी, या वेळी बँड लावून, सगळ्यांनी एकदम रक्त द्यायचं ठरलं. फेतुआओने महिने वाटून घेण्याचा विषय पुन्हा काढला, पण जेवण वाढलेलं होतं.

लेइतूला पुढच्या दोन पिशव्या जानेवारीच्या सुरुवातीला लागतील, गावाचे तीन महिने भरण्याआधी. त्या दिवसांत रक्त देता येईल असा एकही माणूस गावात नाही.