कानस फिरवलेला बाण

मी बांबूचा एक जुना बाण आहे, मित्रांनो, आणि माझी खाच बिघडलेली आहे. बाण म्हटले की तुम्हाला लढाया आठवतील. माझ्या नशिबी लढाई आली नाही. माझे सारे आयुष्य भूतानमधल्या पारो खोऱ्यात, खेळाच्या मैदानावर गेले. तिथेच माझ्यामुळे एक मोठे नुकसान झाले. ते अजूनही माझ्या मनाला खाते.

मला चेन्चोने घडवले. आमच्याकडे प्रत्येक खेळाडू फेरीत दोन बाण मारतो, म्हणून बाण जोडीनेच जन्माला येतात. माझा जोडीदार आणि मी एकाच बांबूचे. पिसे लावून झाली, लोखंडी टोके बसली, तरी मागच्या टोकाला दोरीसाठी खाच पाडायला चेन्चोने आणखी दोन दिवस घेतले. पात्याने जरासे कोरायचे, धनुष्याच्या दोरीवर बसवून बघायचे, पुन्हा जरासे कोरायचे. मग तो मला दोरीवर नुसता लटकवी आणि दोरीला टिचकी मारी. टिचकीसरशी मी अलगद सुटून पडलो की माप बरोबर. आधीच पडलो तर खाच सैल, आणि चिकटून राहिलो तर घट्ट.

त्याचा धाकटा भाऊ रिंझिन शेजारी बसून जांभया देत होता.

"दादा, एवढ्या वेळात माझा एक याक पाळून झाला असता."

"पाळ की. मग शेणानं नेम मार," चेन्चो म्हणाला. "आणि ऐक. बाण घट्ट बसायला लागला तर दोरीवर गुंडाळलेला दोरा कमी कर. खाचेला हात लावू नकोस. दोरा परत गुंडाळता येतो, बांबू कोरला की गेला."

पुढे चेन्चो छपरावरून पडला आणि त्याचा खांदा कायमचा जायबंदी झाला. तेव्हा त्याने आपले धनुष्य आणि आम्हा दोघांना रिंझिनच्या हवाली केले. ते धनुष्य त्याने चुलीवरच्या धुरात सात वर्षे वाळवलेल्या बांबूचे केले होते. देताना एवढेच म्हणाला, "माझा खांदा आहे असं समजून वापर."

रिंझिनने तसे वापरलेही, खोटे कशाला बोलू? आम्ही नेमाच्या लाकडी फळीत घुसलो की आमचे गडी फेर धरून नाचत आणि रिंझिनच्या कमरेला रंगीत पट्टी बांधली जाई. चेन्चो पलीकडच्या फळीपाशी उभा राहून ओरडे, "हातभर उजवीकडं!" फार सुखाचे दिवस होते ते.

मग एका नव्या वर्षाचा सामना आला. जुनी दोरी विरली होती म्हणून रिंझिनने नवी चढवली आणि गावच्या ज्योतिषाने मंतरलेला लाल दोरा तिच्या मध्यावर गुंडाळून घेतला. दोरा जाड होता. आम्ही त्यावर कचकन बसलो, पण टिचकी मारून बघायला त्याला सवड कुठली! पहिला माझा जोडीदार सुटला. सुटताना तो दोरीला चिकटला, डगमगला आणि निम्म्या वाटेवर मातीत पडला.

समोरच्या संघाच्या गावच्या बायका चिडवायला टपूनच बसल्या होत्या. "अहो भाऊजी, फळी तिकडं लांब आहे! इथं आमचे बटाटे लावलेत!" एक ओरडली.

"असू दे गं," दुसरी म्हणाली. "नवी नवरी आहे, माहेर सोडवेना तिला!"

सगळे मैदान हसले. रिंझिनचे कान लाल झाले. दोऱ्याचे दोन वेढे सोडले असते तर काम झाले असते. पण मंतरलेला दोरा भर सामन्यात सोडायचा म्हणजे अपशकुन! त्याने शेजाऱ्याकडून कानस घेतली आणि माझ्या खाचेत फिरवली. ती तीनदा फिरताच माप आले होते. हे मला कळत होते, आणि मला बोलता येत नव्हते. त्याने ती सातदा फिरवली.

धनुष्य पूर्ण ताणले गेले आणि मी दोरीवरून निसटून त्याच्या पायावर पडलो. त्याची बोटे तोवर सुटली होती. रिकामी दोरी सपकन सुटली, सगळा जोर धनुष्यावर उलटला आणि ते मधोमध मोडले. बायकासुद्धा उठून उभ्या राहिल्या.

चेन्चो मैदानाच्या त्या टोकाहून खांदा धरून धावत आला. त्याने आधी धनुष्य उचलले, मग मला. माझ्या खाचेवरून नख फिरवले. बांबूचा ताजा भुसा त्याच्या नखाला लागला.

"काय झालं रे?"

"काय की, दादा. खाच झिजली असेल. जुना झालाय बाण."

चेन्चो त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "असेल," तो म्हणाला.

मित्रांनो, दोष माझ्यावर आला याचे मला दुःख नाही. खरे बोलायला तेव्हा एक क्षण पुरला असता, आणि तो हातचा गेला, याचे आहे.

चेन्चो रागावला नाही. तीन महिन्यांनी तो धुरात वाळवलेल्या त्याच बांबूच्या उरलेल्या तुकड्याचे नवे धनुष्य आणि बाणांची नवी जोडी घेऊन रिंझिनच्या दारी आला. पिसे होती, टोके होती, पण मागची बाजू सपाट होती.

"खाच पाडली नाही मी. तुझी दोरी घेऊन ये, दोघं बसून पाडू. तुला काही सांगायचं असलं तर तेही सांग."

"येतो की. उद्याच येतो," रिंझिन खाली मान घालून म्हणाला.

त्या 'उद्या'ला चार हिवाळे झाले, तो अजून गेलेला नाही. दोन घरांच्या मध्ये बटाट्याचे एक शेत आहे, तेवढेच. रिंझिन आता परदेशी लोखंडी धनुष्याने खेळतो. चेन्चो मैदानावर येत नाही. माझा जोडीदार आणि मी रिंझिनच्या घरात आढ्याला टांगलेलो आहोत, आणि शेजारी ते दोन बिनखाचेचे बाण. कधीकधी रिंझिन ते खाली काढतो, धूळ पुसतो, दारापर्यंत जातो आणि परत टांगून ठेवतो.

म्हणून माझी विनवणी आहे, मित्रांनो. तुमच्या हातून कुणाची वस्तू मोडली, तर त्याच दिवशी त्याला खरे सांगा. तो ओरडेल, मग दोघे मिळून चहा प्याल. आढ्यावरून मला खिडकीतून दिसते, चेन्चो ऊन पडले की पाते परजून अंगणात बसतो आणि शेताच्या वाटेकडे बघतो. हल्ली चहाचा वाडगा धरतानाही त्याचा हात थरथरतो. आणखी एखाद्या हिवाळ्यानंतर त्या हाताला खाच पाडता येणार नाही.