झिजलेल्या खटक्याची बाबागाडी

“ताई, हा खटका झिजलाय. हवी तेव्हा गाडी मिटणार नाही, आणि नको तेव्हा न सांगता मिटेल. आत्ताच बदलून घ्या,” सायकलवाला म्हणाला होता.

ताईंच्या एका हातात सामानाची यादी होती, दुसऱ्या हातात दुधाची बाटली. “परवा निघायचंय हो दादा. आल्यावर बघू,” त्या म्हणाल्या.

मित्रांनो, ती गाडी म्हणजे मी. एक जुनी बाबागाडी. हल्ली माळ्यावर असते. पण मीही कधी नवी होते. एका लांबलचक कारखान्यात नळ्या वाकवून माझी हाडं झाली, शिलाईच्या यंत्रांवर माझं निळं कापड शिवलं गेलं. शेवटी एका बाईने मला वीस वेळा उघडून-मिटून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, “बघ गं, छत्रीसारखी मिटते!” ते कौतुक मी अजून विसरले नाही.

आधी मी एका धटिंगण मुलाला फिरवलं. त्याने माझ्यावर उड्या मारून मारून खटका खिळखिळा केला. मग मी त्याच्या मावशीकडे आले, तिच्या चौदा महिन्यांच्या ठमीसाठी. ठमीची आई, म्हणजे सायकलवाल्याकडच्या त्याच ताई, एरवी गॅस बंद केलाय का ते तीनदा बघणारी. तिने घरात एक नियमच केला होता: जो गाडी मिटेल, त्यानेच बाळ उचलायचं. “उगाच ‘मला वाटलं तू घेतलीस’ नको,” ती म्हणायची. ठमीचे बाबा हसायचे. “बरं बाईसाहेब, फ्रिजवर लावून ठेवा.” तिने खरंच लावला होता.

आम्ही ते प्रसिद्ध बुद्धमंदिर पाहायला गेलो. आत निजलेल्या बुद्धाची एवढी मोठी मूर्ती होती म्हणे, की पायांपासून चेहऱ्यापर्यंत चालत जायला वेळ लागतो. फाटकावर पाटी होती: शांतता राखा. चपला बाहेर, गाड्या बाहेर. फाटकाजवळ गाड्या ठेवायची पत्र्याची खोली होती आणि तिथे एक म्हातारा राखणदार.

ठमीची आई तिकिटांच्या खिडकीकडे गेली. ठमी माझ्यात गाढ झोपली होती. ऊन लागू नये म्हणून आईने माझं छत पुढे ओढून वरून ओढणी टाकली होती. ठमीला उचलण्याआधी गाडी मिटतेय का, हे पाहायला बाबांनी खटका पायाने दाबला. तो अर्धा सरकला आणि अडकला.

“ही बया काही मिटत नाही!” बाबा खिडकीकडे बघून ओरडले. “तू ये इकडे, मी चपला ठेवून येतो.”

आईने मान हलवली. ती वळून येईपर्यंत राखणदार आला. छत आणि ओढणी बघून त्याला वाटलं, रिकामी गाडी वाटेत सोडलीय. त्याने मला ढकलत खोलीत नेलं, मिटलेल्या गाड्यांच्या मागे.

मला ओरडायचं होतं. काका, आत बाळ आहे! पण गाडीला तोंड कुठून असणार?

आई आली. गाडी नाही. तिला वाटलं, मिटली वाटतं एकदाची, म्हणजे ठमी त्याच्याकडे. बाबा आले. गाडी नाही. त्यांना वाटलं, मिटली हिने, म्हणजे ठमी हिच्याकडे. बायकांची तपासणीची रांग एकीकडे, पुरुषांची दुसरीकडे. दोघंही निश्चिंत मनाने आत गेले. नियम होता ना!

राखणदाराने दार ओढलं, कुलूप लावलं आणि तो जेवायला गेला.

पत्रा तापला होता. थोड्या वेळाने ठमी जागी झाली. आधी कुरकुर, मग “आई”, मग रडणं. पट्ट्यातून एक पाय सोडवून ती माझ्यात उभी राहू लागली. आणि खटका हलला.

मित्रांनो, त्या क्षणी मला दुसऱ्या कुणाची नाही, माझीच भीती वाटली. मी मिटले तर माझ्या दोन नळ्या कात्रीसारख्या जवळ येणार होत्या, आणि त्यांच्या मध्ये ठमीची मान होती. ती उडी मारी आणि खटका केसभर सरके. ती पुन्हा उडी मारी. थांब गं बाळा, थांब, मी मनात म्हणत होते. मी सगळा जोर त्या एका कडीत आणला. लोखंडाला जोर आणता येतो की नाही, मला माहीत नाही. पण मी आणला.

आत काय झालं, ते नंतर आईच्या बोलण्यातून कळलं. मूर्तीच्या चेहऱ्यासमोर दोघं भेटले. दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. चारही हात रिकामे.

“ठमी कुठंय?”

“तुझ्याकडे...”

त्या शांत दालनात आईची किंकाळी घुमली. लोक वळून बघू लागले. एका भिक्खूंनी काही न विचारता बाजूचं दार उघडून दिलं. ती अनवाणी, तापलेल्या फरशीवरून धावत सुटली, ती थेट त्या पत्र्याच्या खोलीपाशी. राखणदार नुकताच जेवून परतला होता.

“काका, कुलूप काढा!”

“अहो बाई, आत सगळ्या रिकाम्या गाड्या...”

“रडणं ऐकू येत नाही का तुम्हाला? काढा आधी!”

म्हाताऱ्याने कान दिला. त्याने घाईघाईने किल्ली लावली. दार उघडलं. आई मिटलेल्या गाड्या बाजूला फेकत माझ्यापर्यंत आली, पट्टा सोडला आणि ठमीला वर उचललं. ठमीचे पाय माझ्यातून बाहेर निघाले मात्र, खाडकन् मी मिटले.

आईने तो आवाज ऐकला. माझ्या त्या दोन नळ्यांकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली. बाबा धापा टाकत दारात आले. कुणी कुणाला बोल लावला नाही. घामाने भिजलेली ठमी तिच्या खांद्यावर हुंदके देत होती, आणि म्हातारा तिच्या इवल्या पायांना हात लावून पुन्हा पुन्हा म्हणत होता, “मी ओढणी उचलून बघायला हवं होतं गं पोरी.”

त्यानंतर मला कुणी वापरलं नाही. मी रागावले नाही. माळ्यावर धूळ खात पडणं त्या खोलीपेक्षा पुष्कळ बरं.

मित्रांनो, त्या दिवशी कुणीही वाईट नव्हतं. प्रत्येकाला फक्त वाटलं होतं, दुसऱ्याकडे असेल. म्हणून एवढंच मागते. हे पान इथेच ठेवा. तुमच्या घरातलं सगळ्यांत लहान माणूस या घटकेला कुठे आहे? आईला विचारू नका, अंदाज करू नका. उठा, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.