गॅस कुणी बंद केला?

मी घर ऊबदार ठेवणारा एक बॉयलर बोलतोय. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावी, गुरुदत्तकाकांच्या गराजलगतच्या खोलीत मी भिंतीवर टांगलेला आहे. माझ्या वाट्याला कौतुक येत नाही. पाहुण्यांना घर दाखवताना किचन दाखवतात, डेक दाखवतात, माझं दार मात्र लोटून घेतात. मी रुसलो की मगच सगळ्यांना माझी आठवण होते.

कारखान्यातून मी इथे आलो त्याला आठ वर्षं झाली. काका मूळचे नागपूरचे, निवृत्त इंजिनिअर. मला बसवायला आलेल्या मेकॅनिकला त्यांनी इतके प्रश्न विचारले की तो बिचारा मेटाकुटीला आला. तेव्हाच मी ओळखलं, या माणसाने एकदा मनाशी घेतलं की घेतलं.

माझी दुखणी दोनच. माझ्या पोटात धूर निवतो तेव्हा पाणी सुटतं, ते एका पांढऱ्या पाइपातून भिंतीबाहेर जातं. कडाक्याच्या थंडीत तो पाइप गोठला की पाणी तुंबतं, मी गुडगुडतो आणि बंद पडतो. दुसरं म्हणजे गॅसच आला नाही तर मी नुसता टिकटिक करतो, ज्योत काही लागत नाही, मग थकून गप्प बसतो. गेल्या हिवाळ्यात पाइप गोठला होता. काकांनी कोमट पाणी ओतून तो मोकळा केला आणि महिनाभर तो पराक्रम भेटेल त्याला ऐकवला.

घरात दुसरं माणूस म्हणजे उत्तराकाकू. दोन वर्षांपासून त्या विसरू लागल्या होत्या. ऑक्टोबरात एकट्याच बाहेर पडल्या आणि तीन तास सापडल्या नाहीत. त्यांची मुलगी इला शार्लटहून धावत आली. माझ्याच दाराशी उभी राहून ती म्हणाली, "बाबा, वन मोर इन्सिडेंट, की आईला मेमरी केअरमध्ये ठेवायचं. तिथे विसरणाऱ्यांना चोवीस तास सांभाळतात. आय मीन इट."

"मी आहे ना," काका म्हणाले.

तेव्हापासून काकू काय काय विसरतात ते झाकण्यातच त्यांचा दिवस जाऊ लागला.

जानेवारीत एका सकाळी दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. बाहेर सगळं गोठलेलं. काका गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते, तेवढ्यात काकू माझ्या खोलीत आल्या. इथली शेगडी विजेची. पण घराबाहेर पडताना गॅस बंद करायची नागपूरची सवय त्यांच्या हातांना होती. सिलिंडर काही दिसेना. मग माझ्या गॅसच्या पाइपवरचा पिवळा कॉक दिसला. तो त्यांनी नीट आडवा केला. "झालं बाई," स्वतःशीच म्हणाल्या. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला रागही आला नाही.

दुपारी परतले तेव्हा घर बर्फ झालं होतं.

"पाइपच गोठला गं," काका म्हणाले. "दहा मिनिटं थांब."

किटल्यांमागून किटल्या त्यांनी बाहेरच्या पाइपवर ओतल्या. रीसेटचं बटण दाबून दाबून बोट दुखलं. मी आपला जीव तोडून टिकटिकत होतो, पण त्यांच्या कानांत गेल्या वर्षीची गुडगुडच बसली होती. तीन तास गेले. कोटावर ब्लँकेट घेऊन बसलेल्या काकूंचे ओठ निळे पडले. नेमका इलाचा फोन आला. आईचा कापरा आवाज ऐकून तिने लगेच मेकॅनिकला पाठवलं आणि स्वतःही निघाली.

दोघं जवळपास एकदमच पोहोचले. मेकॅनिकने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "युअर गॅस इज शट ऑफ, सर."

"हू टर्न्ड इट ऑफ?" इलाने विचारलं.

काकांनी त्या आडव्या कॉककडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं, हे मलाही कळलं.

"मीच," ते म्हणाले. "निघताना बंद केला आणि विसरलो."

इला अगदी हळू म्हणाली, "बाबा, तूच विसरायला लागलास तर आईकडे कोण बघणार? हाऊ कॅन आय लीव्ह हर विथ यू?"

खरं सांगावं तर काकू जाणार होत्या. खोटं सांगितलं, तरी काकूच चालल्या. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीत इला आईला गावातल्याच मेमरी केअरमध्ये सोडायला आली. गाडीत बसताना काकू म्हणाल्या, "तुम्ही येताय ना मागून?" काका हो म्हणाले.

आता मी एकट्या माणसासाठी पेटतो. इला रोज फोन करून गोळी घेतली का विचारते आणि हा ठणठणीत स्मरणशक्तीचा माणूस विसरभोळ्यासारखा निमूट उत्तरं देतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तुम्ही माणसं म्हणता. माझं हात जोडून एवढंच मागणं आहे, घरातल्या आजारपणाची मूठ अशी एकट्याने झाकू नका. मला तोंड असतं तर त्याच दिवशी इलाला सांगितलं असतं, पोरी, तुझा बाप खोटं बोलतोय, त्याला रागावू नकोस, मदत कर.

काका रोज दुपारी काकूंना भेटून येतात. काल आले ते थेट माझ्या खोलीत. माझ्या पत्र्यावर हात टेकून उभे राहिले.

"तिथे हीटिंग चांगलं आहे," म्हणाले. मग म्हणाले, "आज तिने मला ओळखलं नाही."

घरात ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.