रंगावर आवळलेली काळी वायर

मित्रांनो, मी एक जुनी काळी वायर आहे. एका टॅक्सीत, पुढच्या मॅटखाली माझे घर आहे. माझे एक टोक स्टिरिओला जोडलेले आणि दुसरे स्क्रूने गाडीच्या पत्र्यावर आवळलेले. लाल वायर वीज घेऊन येते, मी ती परत पोचवते. कौतुक मात्र सगळे स्पीकरचे!

मला बसवणाऱ्या कारागिराने आधी पत्र्याचा रंग खरवडला आणि लोखंड चकाकल्यावरच मला आवळले. "रंगावर बसवली तर ही नीट काम करणार नाही, गाण्यात शिट्टी येईल," असे त्याने मालकांना बजावले होते. पण मालक गाडीला तळहाताच्या फोडासारखे जपत. काही वर्षांनी त्यांनी गाडी नव्याने रंगवायला दिली आणि लोखंडाचा ठिपकाही उघडा राहता कामा नये, अशी ताकीद दिली. रंगारी भलताच आज्ञाधारक निघाला. त्याने मला सोडवले, माझी चकाकती जागा हिरवीगार केली आणि त्यावरच मला पुन्हा आवळले.

त्या दिवसापासून गाण्यात शिट्टी येऊ लागली. मालकांनी बिचारे स्पीकर बदलले आणि आता स्टिरिओ निर्दोष आहे, असे मानून टाकले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

मालकांच्या लेकीला रेडिओवर निवेदिका व्हायचे होते. आवाजाच्या चाचणीच्या आदल्या दिवशी तिने आपले वाचन फोनवर रेकॉर्ड केले आणि गाडीतच स्टिरिओवर लावून वडिलांना ऐकवले. वडील सरळ माणूस. वाचन छान आहे, पण आवाजात शिट्टी आहे, असे त्यांनी सांगून टाकले. मुलीचा चेहरा पडला. चाचणीला जायचेच नाही, असे तिने ठरवले. मला फार वाईट वाटले. पण वायरचे कोण ऐकते?

तेवढ्यात सिग्नल लागला. गाडी थांबली, तशी शिट्टी बारीक झाली. सिग्नल सुटला, गाडीने वेग घेतला आणि शिट्टी पुन्हा चढली. मुलगी ताठ बसली.

"बाबा, माझा आवाज तुमच्या पायाखाली आहे का? तुम्ही पाय दाबला की शिट्टी वाढते."

वडिलांनी दोनदा पाय दाबून पाहिला. मग त्यांनी गाडी त्या जुन्या कारागिराकडे वळवली. त्याने मॅट उचलली, हिरवा रंग पाहिला, मला सोडवले आणि सँडपेपरचा तुकडा मालकांच्याच हातात ठेवला.

"खरवडा," तो म्हणाला.

मालकांचा हात क्षणभर अडला. मग त्यांनी लेकीकडे पाहिले आणि आपला लाडका रंग खसाखसा घासून काढला. कारागिराने मला उघड्या लोखंडावर आवळले आणि इंजिन चालू असतानाच मुलीचे वाचन पुन्हा लागले. आवाज स्वच्छ, पाण्यासारखा होता. वडिलांनी डोळे पुसले. "उद्या मीच सोडतो तुला," ते म्हणाले.

आता रोज सकाळी रेडिओवरून तिचा आवाज माझ्याच भरवशावर गाडीत घुमतो. एके काळी ठिपकाही न खपवणारे मालक हल्ली प्रवाशांना मॅट उचलून तो ओरखडा दाखवतात. मित्रांनो, कुणाच्या आवाजात खोट दिसली, तर त्याला नावे ठेवण्याआधी एकदा मॅटखाली वाकून पाहाल ना?