कट म्हणायचं कुणी

शिरपूरच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या अभिमन मास्तरांनी दिवाळीच्या सुट्टीत अहिराणीत एक व्हिडिओ फिल्म काढायला घेतली. साल त्र्याण्णव. गोष्ट त्यांचीच: सुरतेच्या गिरणीत गेलेला माणूस बारा वर्षांनी गावी परततो, आणि दारात उभी असलेली बायको त्याला ओळखत नाही. नायकाचं काम एका एसटी कंडक्टरला दिलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याची रजा रद्द झाली, आणि नायकाचा सदरा मास्तरांनाच अंगात चढवावा लागला.

तेव्हापासून त्यांचे हाल कुत्रा खात नव्हता. आधी कॅमेऱ्यातून बघायचं, मग अंगण ओलांडून पळायचं, पत्र्याची पेटी डोक्यावर घ्यायची, चालत यायचं, बोलायचं, स्वतःच ‘कट’ ओरडायचं आणि कसं झालं ते विचारायला परत पळायचं. कॅमेरावाला झुलाल लग्नांच्या शूटिंगचा माणूस. तो दर वेळी म्हणायचा, "मस्त झालं." त्याला वरात काय नि विरह काय, सारखंच.

पाचव्या दिवशी दाराचं दृश्य सात वेळा झालं. उद्या झुलालला नशिराबादचं लग्न होतं, म्हणजे आज नाही तर कधीच नाही. सातव्यांदा ‘कट’ झाल्यावर बायकोचं काम करणाऱ्या प्रमिलाबाई उंबऱ्यावर बसल्या. गावच्या भजनी मंडळात गाणाऱ्या, मास्तरांपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या.

"मास्तर, तू बारा वरीसमा घर उना, का मनी हाजरी लेवाले उना?"

"काय झालं, अक्का?"

"तू मना तोंडकडे देखसच नही. मी खडूनी खुणवर उभी शे का नही, तेच देखस."

खरंच होतं ते. मास्तरांची पोटरी दुखत होती, घसा बसला होता.

"आते तू नुसता ये," प्रमिलाबाई म्हणाल्या. "कट मी म्हनसू."

आठव्या खेपेला मास्तर पेटी घेऊन आले आणि ठरल्या जागी उभं राहायचं सोडून ओट्यावर मटकन बसले. प्रमिलाबाई दाराबाहेर आल्या. "कोन शे?" त्यांनी विचारलं. मास्तरांना वाक्य आठवेना. त्यांनी प्रमिलाबाईंच्या तोंडाकडे नुसतं पाहिलं. आपण काय सांगणार, कोण म्हणून सांगणार, या विचाराने त्यांना भडभडून आलं. प्रमिलाबाईंनी आत जाऊन तांब्या आणला, समोर ठेवला आणि परक्या माणसापासून बसावं तशा लांब बसल्या. कट कुणीच म्हटलं नाही. टेप संपून कॅमेरा आपोआप थांबला.

टेप मागे घेऊन मास्तरांनी पाहिलं. झुलालने कॅमेरा हलवलाच नव्हता. दाराबाहेर आल्यावर प्रमिलाबाई कपाळापासून वर कापल्या गेल्या होत्या.

"परत घ्यायचं का?" झुलालने विचारलं. ऊन अजून भिंतीवर होतं.

मास्तरांनी बराच वेळ त्या उन्हाकडे पाहिलं. "राहू दे," ते म्हणाले, आणि तिथेच ओट्यावर आडवे झाले.

शिरपूरच्या व्हिडिओ हॉलमध्ये फिल्म चार दिवस चालली. त्या दृश्याला बायका पदर डोळ्यांना लावत. मागून एखादा हमखास म्हणे, "बाईचं डोकं कुठं गेलं?" मास्तरांना दोन्ही पटे. पुढे त्यांनी आणखी दोन फिल्मा काढल्या. त्यात काम मात्र केलं नाही.